आयत्या वेळचा विषय

युद्ध कोणालाही सुरू करता येतं. त्यासाठी सहा पोरं, चार सायकली आणि एक डझन अंडी पुरतात. परंतु युद्धकाळात शिखर परिषद भरवायची म्हटली की घटना लागते, गणसंख्या लागते, बॅनर लागतो, आणि रविवारच्या जेवणातलं श्रीखंड घरचं असावं की विकतचं यावर एकमत लागतं. म्हणूनच जगात युद्धं हजारोंनी झाली, पण नीट पार पडलेल्या परिषदा फार थोड्या आहेत. त्यांपैकी एक ऑक्टोबर १९८७ मध्ये एडिसन, न्यू जर्सी येथे श्रीराम आगटे यांच्या बेसमेंटमध्ये भरली. त्या परिषदेचा सचिव मी होतो. पोटापाण्यासाठी मी एका इन्शुरन्स कंपनीत जोखीम मोजतो, त्यामुळे ही जबाबदारी माझ्याकडे आपसूकच आली.

प्रथम पार्श्वभूमी. आमचं गाव एडिसनपासून गाडीने पंचवीस मिनिटांवर आहे. (गावाचं नाव देत नाही. घरांचे भाव उतरतील, असं मंडळाचं मत पडलं.) सप्टेंबरात शाळा उघडल्या आणि गावात हल्ले सुरू झाले. टायरच्या एका बंद दुकानापाशी काही पोरं सायकली घेऊन उभी राहत आणि कोणी भारतीय चेहरा दिसला की हातात असेल ते फेकून मारत. पहिल्या पाच आठवड्यांत मंडळाकडे चौदा घटनांची नोंद झाली. तपशील असा: अंडी, सहा वेळा. दगड, तीन वेळा. अर्धा भरलेला सोड्याचा कॅन, दोनदा. गाडीच्या काचेवर लिहिलेला मजकूर, एकदा. शिव्या, एकदा. (शिव्या प्रत्यक्षात रोज होत्या, पण नोंदवायला एकच जण पुढे आला.) आणि एका काकूंच्या साडीवर मस्टर्ड, एकदा. तो डाग अजून निघालेला नाही. पोलिसांनी सर्व घटनांची नोंद घेतली. आम्हीही घेतली. नोंदीच्या बाबतीत दोन्ही बाजूंनी कुठेही कसूर झाली नाही.

आमच्या मंडळाचा ॲन आर्बर आणि कॅरी इथल्या मंडळांशी चौऱ्याऐंशी सालीच मैत्रीचा करार झालेला होता. पुण्याहून नाटक मंडळी बोलवायची तर तिन्ही गावांनी मिळून बोलवावी, एवढाच त्याचा हेतू. त्या करारात कलम सात असं होतं: ‘एका मंडळावर आलेले संकट हे तिन्ही मंडळांवर आलेले संकट मानण्यात येईल.’ विमानातून येताना नाटकवाल्यांची पेटी मोडली, तेव्हा हे कलम घातलं गेलं. पण कलमात पेटीचा नावानिशी उल्लेख नव्हता, त्यामुळे ते अंड्यांनाही लागू होतं असा निर्णय श्रीरामरावांनी दिला. अशा रीतीने कलम सात अमलात आलं आणि मित्रराष्ट्रांना फोन गेले.

आता नेत्यांची ओळख. श्रीराम आगटे हे आमच्या मंडळाचे अध्यक्ष. त्यांची ही तिसरी मुदत. (घटनेनुसार दोनच मुदती आहेत, पण युद्धकाळात नेतृत्व बदलू नये, असं त्यांनी स्वतःच सुचवलं आणि स्वतःच मान्य केलं.) दुसरे विक्रम पेंढारकर, ॲन आर्बरचे. ते युनिव्हर्सिटीत असतात आणि एखाद्या कामाला कमीत कमी किती माणसं लागतील यावर संशोधन करतात. तिसरे शैलेंद्र भोगले, कॅरीचे. औषधांच्या कंपनीत वरच्या जागेवर आहेत. त्यांच्या गावात असा प्रकार आजवर एकदाही घडलेला नाही, त्यामुळे या विषयावर त्यांच्या शब्दाला विशेष वजन होतं.

परिषद शनिवारी, दहा ऑक्टोबरला सकाळी साडेनऊ वाजता सुरू झाली. पहिला विषय आसनव्यवस्थेचा. बेसमेंटमधलं एकमेव मोठं टेबल पिंगपाँगचं होतं आणि त्याच्या नेटचे स्क्रू गंजल्यामुळे नेट काढता येत नव्हतं. टेबलाच्या बाजू दोन, नेते तीन. एका बाजूला दोघे बसले तर तो गट ठरेल, अशी भीती विक्रमरावांनी व्यक्त केली. यजमानाने एकट्याने एक बाजू अडवली तर तो वर्चस्वाचा प्रयत्न दिसेल, असं शैलेंद्ररावांना वाटलं. चहा झाला. पुन्हा चहा झाला. शेवटी शैलेंद्ररावांनी नेटच्या रेषेत, दोन्ही बाजूंना एकेक कोपर ठेवून बसावं, असं ठरलं. याला एक तास पन्नास मिनिटं लागली. एवढ्या कमी वेळात हा प्रश्न सुटेल असं कोणालाच वाटलं नव्हतं, म्हणून टाळ्या वाजल्या.

दुसरा विषय शत्रूच्या बळाचा. विक्रमरावांनी प्रोजेक्टर आणला होता. पहिल्याच पारदर्शिकेवर बाण काढलेला नकाशा होता (तो ॲन आर्बरचा निघाला, पण बाण पटण्यासारखे होते). शत्रूची संख्या तीन ते तीन हजारच्या दरम्यान असावी, असा त्यांचा अंदाज होता.

“चौदा इन्सिडंट्सवर काय कन्क्लूड करणार, यार?” ते म्हणाले. “सॅम्पल फारच स्मॉल आहे. निदान चाळीस तरी पाहिजेत. मग पॅटर्न दिसेल.”

“म्हणजे अजून सव्वीस होईपर्यंत थांबायचं?” मागून कोणीतरी विचारलं.

“थांबायचं नाही. मॉनिटर करायचं.”

हा फरक सर्वांना पटला. चाळीस घटना पूर्ण होईपर्यंत परिस्थितीवर बारीक लक्ष ठेवावं, असा ठराव एकमताने संमत झाला. घटना लवकर पूर्ण व्हाव्यात यासाठी सदस्यांनी सहकार्य करावं, असं एक वाक्य मसुद्यात चुकून गेलं होतं, ते नंतर काढण्यात आलं.

तिसरा विषय बचावाचा. शैलेंद्ररावांचं म्हणणं असं की आपण दिसतो, हेच मूळ दुखणं आहे. “आमच्याकडे बघा ना,” ते म्हणाले, “आम्ही लो प्रोफाइल ठेवतो. गॅरेजमधून गाडीत, गाडीतून ऑफिसात. रस्त्यावर दिसायचं कशाला?” त्यावरून पुढील उपाययोजना ठरली. बायकांनी घराबाहेर कुंकू लावू नये. साडी नेसल्यास वरून कोट घालावा. फोडणी घालताना खिडक्या बंद ठेवाव्यात. रस्त्यात मराठी बोलू नये. बोलणं अगदीच भाग असेल तर इंग्रजीच्या चालीवर बोलावं. ही माघार आहे का, असा प्रश्न एका तरुण सदस्याने विचारला. ही माघार नसून आघाडीची फेररचना आहे, असा खुलासा करण्यात आला. या ठरावाची पहिली अंमलबजावणी म्हणून वरच्या मजल्यावर बटाटेवडे तळणाऱ्या मंडळींना खिडक्या बंद करायला सांगितलं गेलं. त्यामुळे धुराचा अलार्म वाजला आणि अग्निशमन दलाच्या दोन गाड्या आल्या. आजूबाजूची सगळी घरं बाहेर येऊन आमच्याकडे पाहत उभी राहिली. त्या दिवशी आम्ही एडिसनमध्ये जितके दिसलो तितके पूर्वी कधीच दिसलो नव्हतो.

चौथा विषय संयुक्त निवेदनाचा. सरकारदरबारी एक कडक पत्र जावं याबद्दल दुमत नव्हतं. दुमत होतं ते सहीच्या क्रमाबद्दल. अध्यक्षांची सही वर, पाहुण्यांची वर, की वयाने मोठ्यांची वर? सरतेशेवटी सह्या गोल करायच्या ठरल्या, म्हणजे कोणीच पहिला नाही आणि कोणीच शेवटचा नाही. पत्र इतकं देखणं झालं की ते पाठवायला मन होईना. ते फ्रेम करून घेण्यात आलं. आज ते श्रीरामरावांच्या दिवाणखान्यात आहे आणि येणारा-जाणारा त्याची तारीफ करतो.

रविवारी दुपारी जेवणं झाल्यावर कामकाजपत्रिकेतला शेवटचा मुद्दा आला: ‘अध्यक्षांच्या परवानगीने आयत्या वेळी येणारे विषय.’ ज्यांनी आयुष्यात कुठल्याही मराठी संस्थेची सभा पाहिली आहे त्यांना हे माहीत असतं की हा मुद्दा म्हणजे चपला शोधण्याची वेळ. त्या वेळी लहू वानखेडे उभे राहिले.

वानखेडे आमच्याच गावचे. एका लॅबमध्ये केमिस्ट आहेत. दोन वर्षांपूर्वी त्यांनी मंडळाच्या सदस्यत्वाचा अर्ज दिला होता आणि तो विचाराधीन होता. बेसमेंटच्या जिन्याजवळ दोन दिवस ते उभेच होते, कारण खुर्च्या सदस्यांसाठी होत्या.

“आपलं आडनाव काय म्हणालात?” श्रीरामरावांनी विचारलं.

“वानखेडे.”

“अच्छा, अच्छा. म्हणजे नागपूरकडचे. आमचे एक मेहुणे धरमपेठेत होते. तुम्ही नागपुरात कुठले?”

“इंदोऱ्याचे.”

यानंतर श्रीरामरावांनी मेहुण्यांचा विषय पुढे नेला नाही. एरवी आमच्यात ओळख पटायला असे पाच-सहा प्रश्न लागतात. इथे दोनांत काम झालं.

वानखेड्यांनी खिशातून एक कागद काढला. “मला फार वेळ नको,” ते म्हणाले. “माझी आई, गिरजाबाई, सहा महिन्यांसाठी आलीय. ती रोज माझ्या मुलीला, सुजाताला, शाळेतून घरी आणते. शाळा दोन-पन्नासला सुटते. दोन मैलांच्या आत राहणाऱ्यांना बस नाही. माझी शिफ्ट साडेतीनला संपते, मिसेस हॉस्पिटलमध्ये नर्स आहेत. आई सत्तरीची आहे, गुडघा धरतो. चालत अठरा मिनिटं लागतात आणि ते टायरचं दुकान वाटेतच आहे. बरोबर एक धडधाकट माणूस असला तर ती पोरं काही करत नाहीत. मी दोन दिवस रजा काढून पाहिलंय. सोमवार ते शुक्रवार, पाच माणसं पाहिजेत. एकेकाला आठवड्यातून एकदा, अर्धा तास. या कागदावर पाच रकाने केलेत. नाव लिहा, बस.”

ही मागणी ऐकून परिषद गांगरली. एवढ्या लहान मागणीसाठी आमच्याकडे कुठलीही यंत्रणा नव्हती.

“आयडिया चांगलीय,” विक्रमराव म्हणाले, “पण हे स्केलेबल नाहीये.”

“तुमच्या आईंना ड्राइव्ह करायला शिकवलं तर?” शैलेंद्ररावांनी सुचवलं.

“त्या कुंकू लावतात का हो?” श्रीरामरावांनी विचारलं. “आपला ठराव क्रमांक तीन बघा. तिथेच प्रश्न सुटेल.”

“नाही लावत,” वानखेडे म्हणाले. “छप्पन सालापासून नाही लावत. तरी अंडं लागलंच.”

इथे एक गोष्ट नमूद करणं सचिव म्हणून माझं कर्तव्य आहे. टायरच्या दुकानापाशी उभ्या असलेल्या त्या पोरांनी आजवर एकालाही आडनाव विचारलेलं नाही. कोण कुठल्या पेठेतला, कोण कुठल्या वस्तीतला, कोणाच्या घरी गणपती बसतो, कोणाच्या घरी बाबासाहेबांचा फोटो आहे, याची त्यांनी कसलीही चौकशी केली नाही. सगळ्यांना सारख्याच आकाराची अंडी मारली. आमचा समाज एक आहे, असं खरोखर मानणारी माणसं मला अमेरिकेत तीच भेटली. (हा परिच्छेद मंजुरीच्या वेळी गाळण्यात आला होता. मी तो परत घातला आहे.)

कागद पिंगपाँगच्या टेबलावरून फिरायला लागला. प्रत्येकाने तो काळजीपूर्वक वाचला, मान हलवली आणि शेजारच्याकडे दिला. नेटपाशी तो अडकला, तेव्हा शैलेंद्ररावांनी तो उचलून पलीकडे दिला. फिरत फिरत माझ्याकडे आला तेव्हा त्यावर कॉफीच्या कपाचं एक वर्तुळ उमटलं होतं. वर कोपऱ्यात कोणीतरी ‘स्तुत्य उपक्रम!’ असा शेरा दिला होता. सोमवारच्या रकान्यात विक्रमरावांच्या परतीच्या विमानाची वेळ लिहिलेली होती. बुधवारच्या रकान्यापाशी माझं पेन थोडं थांबलं, हे खरं आहे. पण बुधवारी दुपारी माझी ऑफिसात मीटिंग असते. (मीटिंगमध्ये माझ्याकडे बोलायचं काम नसतं, पण खुर्ची रिकामी दिसते.) मी कागद पुढे दिला.

माझी मुलगी सीमा त्याच शाळेत पाचवीत आहे. आम्ही दोघं नवराबायको नोकरी करतो, म्हणून तिच्या गळ्यात घराची किल्ली असते. ती मैत्रिणींबरोबर चालत येते, अशी माझी माहिती होती. ही माहिती मला कोणी दिली ते मात्र आठवत नाही.

वानखेड्यांनी कागद घेतला, उलटसुलट पाहिला, घडी करून खिशात ठेवला. “ठीक आहे,” एवढंच म्हणाले आणि जिना चढून गेले. त्यांनी श्रीखंडाला हात लावला नव्हता, याची यजमानांना थोडी रुखरुख लागली.

परिषदेची आकडेवारी. उपस्थिती तेवीस. कामकाजाचे तास, दोन्ही दिवस मिळून, तेरा. म्हणजे एकूण दोनशे नव्व्याण्णव मनुष्य-तास. एवढ्या वेळात गिरजाबाईंबरोबर शाळेपासून घरापर्यंत पाचशे अठ्ठ्याण्णव वेळा जाता आलं असतं. शाळेचं वर्ष एकशे ऐंशी दिवसांचं धरलं, तर तीन वर्षं पुरी होऊन चौथं लागलं असतं. (हा हिशेब कोणी मागितला नव्हता. सवय आहे.)

परिषद यशस्वी झाल्याचं जाहीर करून तिन्ही नेत्यांनी एकमेकांना हार घातले. मित्रराष्ट्रं आपापल्या गावी परतली.

यानंतर अडीच आठवडे मॉनिटरिंग चाललं. घटना एकोणीसवर गेल्या. विक्रमरावांनी फोनवर सांगितलं की आलेख हळूहळू आकार घेतोय.

एकोणतीस ऑक्टोबरला, गुरुवारी, मी सहा वाजता घरी आलो तेव्हा सीमा सिंकपाशी स्टुलावर उभी राहून आपलं जॅकेट धूत होती. पाणी लाल होतं.

मी तिचे हात, डोकं, मान, सगळं चाचपून पाहिलं.

“बाबा, स्टॉप. इट्स नॉट माइन,” ती म्हणाली. “दे थ्रू अ बॉटल. आजीला लागलं.”

“कोणती आजी?”

“अवर आजी. सुजाताज आजी. शी वॉक्स अस होम.”

“अस म्हणजे कोण?”

“ऑल ऑफ अस, बाबा. सिन्स, लाइक, सप्टेंबर. शी वॉज इन फ्रंट ऑफ मी.”

मी वानखेड्यांचा पत्ता मंडळाच्या विचाराधीन अर्जावरून शोधून काढला. चार गल्ल्या सोडून घर निघालं. दोन वर्षांत मी तिथे पहिल्यांदाच जात होतो. गिरजाबाई कोचावर बसून मेथी निवडत होत्या. कपाळाला पट्टी होती आणि तीन टाके पडले होते. मी दारात उभा राहून काहीतरी बोललो; बहुधा मंडळाच्या वतीने बोललो.

“बसा ना,” त्या म्हणाल्या. “तुमची सीमा लय हुशार पोट्टी हाय. रस्ता पार कराले लागली का लहान्याचा हात धरते, सांगा लागत नाई.”

“तुम्ही सगळ्यांनाच आणता?”

“मंग काय करता? आदी आमची सुजाताच होती. मंग पाह्यलं, एकएकटे पोट्टे खाली मान घालून चाल्ले. म्हटलं, चला रे माया संगं. आता नऊ झाले. तुमच्यातले तीन हायेत, दोघं गुजराती, एक सरदार, एक तेलगू. एक कोरियाचा हाय, त्याची भाषा कोनालेच समजत नाई. त्यालेबी अंडं लागलं होतं.” त्यांनी मेथीची एक काडी बाजूला ठेवली. “अन् ते फेकनारे साहाच हायेत. लाल टोपीवाला म्होरक्या हाय. मी रोज मोजते.”

तीन ते तीन हजार हा आकडा मला आठवला. मला लाज वाटली. ती कोणत्या ठरावाखाली नोंदवावी हे कळेना, म्हणून इथे तशीच लिहितो: मला फार लाज वाटली. माझं मूल दोन महिने एका म्हातारीच्या मागून सुखरूप घरी येत होतं आणि त्या म्हातारीचा कागद मी पुढच्याकडे सरकवला होता.

“उद्या येता का?” गिरजाबाईंनी विचारलं.

“उद्या जरा ऑफिसात...” मी म्हणालो. “बघतो.”

“पाहा,” त्या म्हणाल्या आणि पुन्हा मेथीकडे वळल्या.

शनिवारी तिन्ही अध्यक्षांची टेलिफोनवरून तातडीची बैठक झाली. सचिव म्हणून मी सगळं कथन केलं. तीन निर्णय झाले. एक, बाटलीचा तीव्र शब्दांत निषेध. दोन, गिरजाबाई वानखेडे यांची मंडळाच्या सुरक्षा उपसमितीच्या क्षेत्रीय प्रमुख म्हणून सप्टेंबरपासून, म्हणजे मागच्या तारखेने, नियुक्ती. (सुरक्षा उपसमिती त्याच बैठकीत, नियुक्तीच्या चार मिनिटं आधी, स्थापन झाली.) तीन, दिवाळीच्या कार्यक्रमात त्यांचा जाहीर सत्कार. मी भीत भीत पाच रकान्यांच्या कागदाची आठवण करून दिली.

“अरे, पण आता गरजच काय?” श्रीरामराव म्हणाले. “यंत्रणा तर उत्तम चाललीय.”

हे म्हणणं आकड्यांनी सिद्ध होत होतं. दोन महिन्यांत नऊ मुलं रोज घरी पोहोचली आणि एकाही मुलाला इजा झाली नाही. प्रमुखांना झाली, पण त्यांचा सदस्यत्वाचा अर्ज नसल्यामुळे ती वेगळ्या तक्त्यात दाखवली आहे. परिषदेच्या रणनीतीचं हे यश आहे, असं तिन्ही मंडळांच्या वार्तापत्रांत छापून आलं. कॅरीच्या वार्तापत्रात शैलेंद्ररावांचा फोटो होता.

दिवाळी त्या वर्षी ऑक्टोबरात होऊन गेली होती, पण हायस्कूलचं सभागृह चौदा नोव्हेंबरला मिळालं, म्हणून आम्ही ती तेव्हा साजरी केली. उपस्थिती चारशे बारा. ॲन आर्बर आणि कॅरीचे नेते खास आले होते. स्टेजवर बॅनर होता: ‘एक समाज, एक निर्धार.’ श्रीरामराव बावीस मिनिटं बोलले. गिरजाबाईंचा उल्लेख त्यांनी ‘आपल्या नागपूरच्या आजी’ असा केला. आडनावाच्या जागी ते पाणी प्यायले. मग शाल, श्रीफळ आणि मंडळाचं बोधचिन्ह कोरलेली पितळी तबकडी पुढे आली. फोटोवाला तयार झाला. गिरजाबाईंनी शाल हातात घेतली, घडी न मोडता बाजूच्या खुर्चीवर ठेवली आणि माइककडे गेल्या. कार्यक्रमपत्रिकेत त्यांचं भाषण नव्हतं.

“मी काई जास्त बोलत नाई,” त्या म्हणाल्या. “माया व्हिसा सरला. मंगळवारी सांजच्या विमानानं मी चाल्ली नागपूरले. मंगळवारी पोट्ट्याइले घरी सोडूनच जाते. शाल राहू द्या. बुधवारी कोन येते, तेवढं सांगा.”

त्या तिथेच थांबल्या. त्यांना खरंच उत्तर हवं होतं, हे समजायला सभागृहाला थोडा वेळ लागला. चारशे बारा माणसांनी आपापल्या शेजाऱ्याकडे पाहिलं. मी सीमाकडे पाहिलं नाही. ती तिसऱ्या रांगेत सुजाताच्या शेजारी बसली होती आणि माझ्याकडेच पाहत होती.

श्रीरामरावांनी माइक हातात घेतला. “आजींनी फार मोलाचा मुद्दा मांडला आहे,” ते म्हणाले. “यासाठी आपण एक समिती नेमू.” टाळ्यांचा कडकडाट झाला. बटाटेवडे तयार असल्याची सूचना आली आणि लोक उठले.

मंगळवारी गिरजाबाईंनी मुलांना घरी सोडलं आणि त्या गेल्या.

बुधवारी शाळा दोन-पन्नासला सुटली. मुलं फाटकापाशी तीन वाजून दहा मिनिटांपर्यंत थांबली. माझी मीटिंग साडेतीनला संपली. मला बोलायचं काम पडलं नाही. घरी आलो तेव्हा सीमा टेबलापाशी गृहपाठ करत होती. जॅकेटच्या डाव्या बाहीवर वाळलेल्या अंड्याचा डाग होता. तिने तो पुसला होता, पण नीट निघाला नव्हता. नऊ जणांत सगळ्यांत मोठी तीच. वय वर्षं दहा. ती पुढे चालली होती. (क्षेत्रीय प्रमुखपदासाठी वयाची अट शिथिल करावी, असा प्रस्ताव मी मंडळाला पाठवला आहे. मंजूर होईल.)

“बाबा,” तिने वहीतून मान वर न करता विचारलं, “हू इज कमिंग टुमॉरो?”

हे इतिवृत्त मी त्याच आठवड्यात लिहायला घेतलं. गुरुवारी दुपारीच लिहायला बसलो होतो, त्यामुळे गुरुवारीही जमलं नाही.

शेवटी वाचकांसाठी एक सूचना. शाळेपासून घरापर्यंतचा रस्ता, सत्तरीच्या गुडघ्याने, अठरा मिनिटांचा आहे. हे इतिवृत्त बेताच्या गतीने वाचलं तर जवळपास तेवढीच मिनिटं लागतात. आपण इथवर आलात, मधे एक-दोनदा हसलात, आणि वानखेड्यांचं म्हणणं बरोबर आहे असं आपल्याला पहिल्यापासून वाटत होतं, याची मंडळाने नोंद घेतली आहे. बेसमेंटमधल्या तेवीसच्या तेवीस जणांनाही तसंच वाटत होतं. आपलं नाव उपस्थितांच्या यादीत चोविसावं घातलं आहे. पाच रकान्यांचा कागद सोबत जोडला आहे. पाहून झाला की शेजारच्याकडे द्यावा.